काजळीकाठची पांढरी माशी

स्मृतिव्याख्यानाचा विषय पांढरी माशी, हे पत्रिकेत वाचून काही भुवया वर गेल्या असतील. अशा व्याख्यानांत लोकशाही असते, साहित्य असतं, रत्नागिरी असल्यामुळे टिळक-सावरकर असतात, फार झालं तर आंब्याचं अर्थकारण असतं. जेमतेम अडीच मिलिमीटरचा कीटक व्यासपीठावर येत नाही. तो पानाच्या खालच्या अंगाला बसतो आणि तिथेच राहणं पसंत करतो. त्याला वर ओढून आणण्याचं कारण एवढंच, की कोकणातल्या माडाविषयी आज बोलायचं तर त्याला वगळून बोलता येत नाही.

शहरातून भाट्याचा पूल ओलांडला की समुद्र, सुरूचं बन आणि जवळच डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र लागतं. बाणवली माडांतून निवडलेली ‘प्रताप’ ही जात याच विद्यापीठाची. पुलाखालून समुद्राला मिळते ती काजळी नदी. नावाचा योगायोग असा, की माडाच्या नव्या दुखण्याची डोळ्यांत भरणारी खूणही काजळीच.

बागायतदाराला या माशीची ओळख माडावर होत नाही. पन्नास-साठ फुटांवरच्या शेंड्याकडे रोज मान वर करून पाहतो कोण? पाडेली चढतो तेव्हा तोच काय तो पाहतो, आणि त्याचं लक्ष नारळाच्या पेंडीकडे असतं. ओळख होते ती खाली. माडाखालच्या केळीचं पान हाताला चिकट लागतं. अळूवर, हळदीवर, विहिरीच्या कठड्यावर, सावलीत लावलेल्या मोटरसायकलच्या सीटवर कुणीतरी पातळ पाक शिंपडल्यासारखं वाटतं. मुंग्यांची रांग लागते. आठ-पंधरा दिवसांत ते सगळं काळं पडतं. घरातलं कुणी रस्त्यावरच्या ट्रकच्या धुराला दोष देतं, कुणी हवेला. मग वाऱ्याने एखादी झावळी खाली येते, ती उलटी होते आणि पातीच्या मागे मेणाचा पांढरा भुगा दिसतो. हातात धरून पाहिलं तर त्या भुग्यात बारीक वळणं असतात, रांगोळीची चिमूट धरलेला हात गोल फिरावा तशी.

ती वळणं म्हणजे मादीने घातलेली अंडी. ती गोल गोल सरकत अंडी घालते आणि वरून मेणाची पखरण करते, म्हणून तिला चक्राकार पांढरी माशी म्हणतात. शास्त्रीय नाव ॲल्युरोडिकस रुजिओपर्क्युलेटस. इंग्रजी नावातल्या ‘रुगोज’चा अर्थ सुरकुतलेलं; पिल्लाच्या पाठीच्या टोकाशी असलेल्या इवल्याशा झाकणीवर सुरकुत्या असतात म्हणून. एवढं बारीक पाहून नाव ठेवणाऱ्या माणसांविषयी आदरच वाटतो. खरं तर ही माशीही नव्हे. तिची भाऊबंदकी आंब्यावरच्या तुडतुड्यांशी आणि चवळीवरच्या माव्याशी. कापसावर किंवा भेंडीवर दिसणाऱ्या पांढऱ्या माशीपेक्षा ती जवळजवळ तिप्पट मोठी, पंखांवर फिकट तपकिरी पट्टे आणि नराच्या शेपटीकडे चिमट्यासारखे दोन लांब अवयव.

ती आणि तिची पिल्लं पातीला सोंड टोचून रस पितात. रसात साखर फार आणि अंग वाढवायला लागणारी द्रव्यं थोडी. म्हणून पिल्लाला भरपूर रस ओढावा लागतो आणि जादा साखर बाहेर टाकावी लागते. खालच्या केळीवर गळतो तो हा चिकटा. त्यावर काळी बुरशी, म्हणजेच काजळी, पोसते. बुरशी पानात शिरत नाही, पण पान झाकते आणि ऊन अडवते. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण ती ऐकल्यावर पुढचं भय निम्मं होतं: या माशीने माड सहसा मरत नाही. तो कळकट दिसतो, अशक्त होतो, पण उभा राहतो. सोंड्या भुंगा लागलेल्या माडाला हे भाग्य नसतं.

ही माशी मूळची मध्य अमेरिकेतली. २००४ साली बेलीझ या छोट्या देशातून आलेल्या नमुन्यांवरून शास्त्रज्ञांनी तिचं वर्णन केलं. तिकडे ती कुणाच्या खिजगणतीत नव्हती. २००९ मध्ये ती अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात मायामीच्या परिसरात दिसली आणि बघता बघता रस्त्याकडेची झाडं, पोहण्याचे तलाव, मोटारींच्या काचा चिकट करून बसली. तिथे तिने शंभराहून अधिक जातींच्या झाडांवर बस्तान मांडल्याची नोंद झाली. २०१६ च्या पावसाळ्यात ती तमिळनाडूतल्या पोल्लाचीला आणि केरळातल्या पालक्काडला माडांवर सापडली. भारतातली ती पहिली नोंद. त्यानंतर कर्नाटक, आंध्र, गोवा, महाराष्ट्र, गुजरात अशी ती पसरत गेली आणि त्या वाटेवर सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या वाड्या तिला लागल्याच.

अडीच मिलिमीटरचा जीव एवढा उडत नाही. त्याला गाडी लागते. नारळाची रोपं, शोभेच्या झाडांच्या कुंड्या, केळीची पानं, शहाळ्यांचे ट्रक या सगळ्यांवर बसून ती प्रवास करते. गाडीच्या टपाला चिकटूनही येते. मुंबई-गोवा महामार्गाचं काम किती वर्षं रखडलं यावर कोकणात बोलायला लागलं तर व्याख्यान संपेल. पण या प्रवाशाची त्याबद्दल तक्रार नव्हती.

परक्या किडीविषयी बोलताना आवाज जरा चढतो. ‘आक्रमण’, ‘घुसखोर’ असे शब्द येतात. शास्त्राच्या पुस्तकातही ‘आक्रमक कीड’ असाच शब्द आहे. पण कोकणच्या वाडीत बसून तो शब्द उच्चारताना थोडं जपून बोलावं लागतं. काजू ब्राझीलचा. पपई, पेरू, अननस, मिरची सगळी अमेरिका खंडातली, पोर्तुगीज गलबतांच्या काळात इथे उतरलेली. ही झाडं आली ती बहुतांशी बियांच्या रूपात, खलाशांच्या पोतडीतून, आपापले कीटक मागे ठेवून. चारशे वर्षं त्यांनी इथे मोकळा श्वास घेतला. आता विमानं आणि कंटेनर आल्यावर मागे राहिलेले ते कीटक एकेक करून पत्ता शोधत येताहेत. पपईवरचा पिठ्या ढेकूण मेक्सिकोकडचा, टोमॅटोची पानं पोखरणारी टुटा ही अळी दक्षिण अमेरिकेतली, मक्यावरची लष्करी अळीही अमेरिका खंडातलीच. टुटा भारतात पहिल्यांदा सापडली ती २०१४ साली, महाराष्ट्रातच. लष्करी अळी २०१८ मध्ये कर्नाटकात दिसली आणि त्याच वर्षी सोलापूरच्या मक्यावर पोचली.

देणं-घेणं एकतर्फी नाही. माडाचा शेंडा पोखरणारा गेंड्या भुंगा कोकणात आजोबा-पणजोबांपासून माहीत आहे. शेणखताच्या खड्ड्यात त्याच्या अळ्या सापडतात आणि पोरं त्या कोंबड्यांना घालतात. हाच भुंगा १९०९ साली सिलोनहून रबराच्या रोपांबरोबर पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांवर गेला. तिथला माणूस माडावर जगणारा, आणि तिथल्या माडाने हा भुंगा कधी पाहिलेला नव्हता. २००७ मध्ये तो ग्वामला आणि २०१३ मध्ये हवाईला पोचला. तिकडच्या वर्तमानपत्रांत आज त्याच्यासाठी तेच शब्द वापरले जातात, जे इथे पांढऱ्या माशीसाठी वापरले जातात.

सोंड्या भुंग्याची गोष्ट तर रत्नागिरीकराला अधिकच जवळची. दक्षिण आशियातला हा कीटक १९८० च्या दशकात आखाती देशांत खजुराच्या झाडांत शिरला आणि पुढे खजुराच्या रोपांबरोबर भूमध्य समुद्राच्या काठाने स्पेनपर्यंत गेला. त्याच काळात रत्नागिरी, राजापूर, दापोलीतली कितीतरी तरुण मुलं नोकरीसाठी आखातात जात होती. परमुलखात एखाद्या संध्याकाळी खजुराच्या खोडातून भुसा गळताना पाहून त्यांच्यातल्या कुणाला घरच्या माडाची आठवण आली असेल तर नवल नाही. कीटक ओळखीचाच होता.

आणि फळमाशी. आंब्याच्या सालीखाली अंडी घालणारी आशियातली ही माशी २००३ साली केनियात सापडली. शास्त्रज्ञांना ती नवी जात वाटली आणि २००५ मध्ये त्यांनी तिला नाव दिलं ‘बॅक्ट्रोसेरा इन्व्हेडन्स’, म्हणजे आक्रमण करणारी. आफ्रिकेतल्या आंबेवाल्यांची निर्यात तिने बुडवली. दहा वर्षं अभ्यास झाल्यावर लक्षात आलं, की ही नवी कुणी नाही. आशियातली जुनी फळमाशीच आहे. इन्व्हेडन्स हे नाव रद्द झालं. माशी राहिली.

याच माशीपायी हापूसला जगाचे दरवाजे बंद झाले होते. जपानने १९८६ मध्ये भारतीय आंबा बंद केला तो २००६ पर्यंत. युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून हापूससह भारतीय आंबा आणि चार भाज्या थांबवल्या. आंब्यावरची बंदी २०१५ च्या आरंभी उठली. २०१४ च्या त्या मे महिन्यात इथल्या बागायतदारांच्या तोंडी ‘अन्याय’ हा शब्द होता. पण स्पेनच्या किंवा इटलीच्या फळबागवाल्याच्या जागी बसून पाहिलं तर त्याला हापूसच्या पेटीतून तेच येताना दिसत होतं, जे भाट्याच्या माडाला पोल्लाचीकडून येताना दिसलं. आज जपानला जाणारा आंबा उष्ण बाष्पाच्या खोलीत ४७.५ अंश सेल्सिअसला वीस मिनिटं ठेवावा लागतो. रत्नागिरीत कृषी पणन मंडळाचं त्यासाठीचं केंद्र उभं राहिलं ते याच कारणाने. बागेत मात्र कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा मिथाइल युजेनॉलच्या वासाने नर माश्यांना बोलावून घेतो आणि त्यांची सोयरीक होऊ देत नाही. साधी, स्वस्त आणि हुशारीची वस्तू. तिचा वापर जेवढा व्हायला हवा तेवढा अजून होत नाही, ही तक्रार नोंदवून पुढे गेलेलं बरं.

मुद्दा असा, की परदेशी पोचलेली कीड मायदेशातल्यापेक्षा जास्त का माजते? बेलीझमध्ये पांढरी माशी होतीच की. तिथले माड काळे का पडत नव्हते? कारण तिथे तिच्या पाठीला शत्रू लागलेले होते. तिची पिल्लं खाणारे ढालकिडे होते, तिच्या पिल्लांत आपली अंडी घालणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्या होत्या. जहाजाच्या डेकवर चढताना तिने त्यांना मागे ठेवलं. आणि हे एकदा समजलं की उपायाची दिशाही समजते: मागे राहिलेल्याला शोधून आणायचं.

ही कल्पना नवी नाही. १८८० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या संत्र्याच्या बागा ऑस्ट्रेलियातून आलेल्या एका खवले किडीने उजाड होत आल्या होत्या. आल्बर्ट कोबेल नावाचा कीटकशास्त्रज्ञ १८८८ साली ऑस्ट्रेलियाला गेला आणि तिथून लाल-काळ्या ठिपक्यांचे ढालकिडे पाठवू लागला. वर्ष-दीड वर्षात संत्री वाचली. तीच खवले कीड १९२८ मध्ये निलगिरीत निघाली, तेव्हा तोच ढालकिडा भारतातही आणला गेला.

महाराष्ट्रालाही हा धडा घरातच मिळालेला आहे, आणि तो फार जुना नाही. २००२ च्या जुलैत सांगली जिल्ह्यातल्या उसावर पानाच्या मागे कापूस पिंजून टाकल्यासारखी एक कीड दिसली. लोकरी मावा. कृष्णाकाठचा ऊस म्हणजे पश्चिम महाराष्ट्राचं राजकारण, लग्नं, शाळा आणि सोसायट्या; त्यावर कीड म्हटल्यावर हलकल्लोळ झाला. शेतकरी पाठीवर पंप घेऊन दहा-बारा फुटी उसात शिरले. उसात फवारणी करणं म्हणजे अंधाऱ्या खोलीत अत्तर शिंपडणं. पोचतं किती हे देवाला माहीत. मावा दुसऱ्या जिल्ह्यात गेला, तिसऱ्यात गेला, सीमा ओलांडून कर्नाटकात गेला.

मग लोकांच्या लक्षात आलं, की काही फडांत मावा आपोआप कमी होतोय. पानं उलटून पाहिली तेव्हा माव्यातच लपून मावा खाणारी एक अळी सापडली, डिफा. तिच्या जोडीला मायक्रोमस नावाचा जाळीदार पंखांचा कीटक. हे दोघे आधीपासून इथलेच. शेतकऱ्यांनी डिफाच्या अळ्या असलेले पानांचे तुकडे कापून दुसऱ्या फडात नेऊन बांधायला सुरुवात केली, शेडनेटखाली त्या वाढवल्या. ईशान्य भारतात हा मावा जुना रहिवासी होता; तिथून एन्कार्शिया कुळातली एक गांधीलमाशी आणून सोडण्यात आली. काही वर्षांत लोकरी मावा बातम्यांतून गेला. तो नाहीसा झालेला नाही. अजून दिसतो, पण त्याचं राज्य संपलं.

पपईच्या बाबतीत कहाणी आणखी झटपट झाली. २००८ मध्ये कोइंबतूरला सापडलेला पिठ्या ढेकूण २०१० पर्यंत पुण्याच्या पपईवर आला होता. त्याच वर्षी बंगळुरूच्या, शेतीतल्या कीटकांवर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने अमेरिकी सरकारच्या मदतीने पोर्तो रिकोहून त्याचे नैसर्गिक शत्रू मागवले. त्यातल्या ॲसेरोफॅगस पपाये या मिलिमीटरभराच्या गांधीलमाशीने कामगिरी फत्ते केली. तिचा पुतळा कुठे नाही.

माडावरच्या पांढऱ्या माशीसाठी मात्र परदेशात कुणाला जावं लागलं नाही, आणि याचं कारण या सगळ्या प्रकरणातला सर्वांत सुरस भाग आहे.

१९९३ साली केरळात हिचीच एक चुलत बहीण आली होती. तीही चक्राकार, तीही अमेरिका खंडातली, पेरू आणि टॅपिओकावर माजलेली. तिने दक्षिण भारत पाच-सहा वर्षं हैराण केला. तिच्या शत्रूंचा शोध चालू असताना १९९० च्या दशकाच्या अखेरीला लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर एक गंमत आढळली. तिथे ही माशी होती, पण तिच्यावर एन्कार्शिया कुळातल्या दोन गांधीलमाश्याही होत्या. कुणी आणल्या नव्हत्या. माशीच्याच मागोमाग, माशीच्याच पोटात लपून त्या आल्या असणार. शास्त्रज्ञांनी त्या बेटावरून मुख्य भूमीवर आणल्या, सोडल्या, आणि पेरू पुन्हा पांढरे पडेनासे झाले. त्यातल्या एकीचं नाव एन्कार्शिया ग्वाडेलूपे, कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावरून पडलेलं.

पुढे २०१६ मध्ये माडावरची माशी पोल्लाचीला उतरली, तेव्हा ही गांधीलमाशी आसपासच होती. जुनी माशी कमी झाल्याने तिला भक्ष्यही कमीच. तिने नवी माशी पाहिली, एकाच कुळातली ओळखली आणि कामाला लागली. कुणी आदेश काढला नाही, कुणी निधी मंजूर केला नाही. काही महिन्यांतच माडांच्या पातींवर पांढऱ्या पिल्लांमध्ये काळी पिल्लं दिसू लागली. एन्कार्शियाची मादी पिल्लाच्या अंगात अंडं घालते. तिची अळी त्याला आतून खाते. ते काळं पडतं. आणि शेवटी पाठीवर गोल भोक पाडून नवी गांधीलमाशी बाहेर पडते. भिंगाखाली ते भोक कंपासने काढल्यासारखं गोल दिसतं.

आता पंपाकडे वळावं लागतं, कारण गडबड तिथेच होते. माड काळा दिसला की कृषी सेवा केंद्रात जायचं, ‘जबरी काहीतरी द्या’ म्हणायचं आणि घरी येऊन फवारायचं, ही सवय आंब्याने लावली आहे. मोहोराच्या काळात तुडतुडे आणि फुलकिडी यांच्यावर फवारण्यांमागून फवारण्या होतात; अलीकडच्या हंगामांत फुलकिडीने बागायतदारांचा असा छळ केला, की औषध बदलून बदलून ते थकले. तीच सवय माडावर आली की वेगळं घडतं. पांढऱ्या माशीची पिल्लं मेणाखाली असतात, औषध त्यांना पुरतं लागत नाही. उघड्यावर फिरणारी, मेणाचं चिलखत नसलेली एन्कार्शिया मात्र पहिल्या फवाऱ्यात मरते. शिवाय पन्नास फुटांवर मारलेलं औषध खाली कुठे पडतं? कोकणातली वाडी म्हणजे काही ओसाड रान नव्हे. माडाखाली विहीर आहे, गोठा आहे, पोरं आहेत, पुदिन्याचा वाफा आहे. मुळातून औषध द्यायची पद्धतही काहींना ठाऊक असते. १९९८ मध्ये केरळात आलेल्या आणि पुढे नारळाच्या सोडणावर ओरखडे उठवणाऱ्या कोळी किडीच्या काळात ती रूढ झाली. ते औषध झाडात चढतं, म्हणजे शहाळ्यातही चढू शकतं, आणि पुढे बरेच दिवस नारळ उतरवता येत नाहीत.

म्हणून नारळावर काम करणाऱ्या संस्थांचा सल्ला ऐकायला फारच मवाळ वाटतो. रासायनिक फवारणी टाळा. लहान माडांच्या पातींच्या मागून पाण्याचा जोराचा फवारा मारा. फारच झालं तर निंबोळी तेल, ०.५ टक्का. खोडाला पिवळे चिकट पत्रे बांधा. काजळी जास्तच असेल तर स्टार्चचं पातळ पाणी मारा. ते वाळून पापुद्रा सुटतो आणि त्याबरोबर काजळी उतरते. कांजी घातलेले कपडे ज्यांनी वापरलेत त्यांना हे लगेच पटेल. बंगळुरूच्या राष्ट्रीय संस्थेने माशीला रोग लावणारी एक बुरशीही शोधून दिली आहे. आणि केरळात कायमकुळमच्या संशोधकांना पानावरची काजळी खाणारा एक छोटा भुंगा सापडला. त्याला पांढऱ्या माशीशी काही देणंघेणं नाही, तो फक्त काजळी साफ करतो. सफाई कामगारांची ही भरती कुणी केली नव्हती.

हे सगळं गोड गोड आहे असं मात्र नाही. २०१८ पासून केरळात माडावर आणखी पांढऱ्या माश्या सापडल्या, आकाराने लहान, मेणाच्या धाग्यांचं घरटं करून राहणाऱ्या. एन्कार्शियाने चक्राकार माशीला मागे ढकललं तसतशी रिकाम्या पातीवर या घरटेवाल्यांनी जागा धरली, आणि एन्कार्शियाला त्यांच्यात रस नाही. २०१९ मध्ये कर्नाटकातल्या मंड्याकडे आणखी एक, माडवर्गातल्या झाडांवर येणारी काळपट पिल्लांची माशी सापडली. म्हणजे काळं पिल्लू दिसलं की निश्चिंत व्हावं, हा नियमही आता डोळे मिटून पाळता येत नाही. पाठीवर गोल भोक आहे का हे पाहावं लागतं. कोकणाला एक आधार पावसाचा. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात आषाढ-श्रावण माशीला सोसत नाही. ती विरळ होते. फेब्रुवारीपासून कोरडी हवा सुरू झाली की पुन्हा वाढते, आणि नेमकी एप्रिल-मेमध्ये, चाकरमानी घरी आलेला असताना, काजळी ऐन भरात असते. त्यामुळे मुंबईहून आलेला प्रत्येक मुलगा वडिलांना विचारतो, ‘माडाला औषध नाही मारलं?’ वडिलांनी या प्रश्नाला दाद देऊ नये.

बंदरावरच अडवता आलं नसतं का, असाही प्रश्न येतो. अडवण्याची कल्पना इथे जुनी आहे. मेक्सिकोतला कापसाचा सोंड्या अमेरिकी रुईतून येईल या धास्तीने १९०६ मध्ये सरकारने परदेशी रुई फक्त मुंबई बंदरातून, तीही धुरी देऊनच उतरवायची असा हुकूम काढला. तो सोंड्या भारतात आजतागायत आलेला नाही. १९१४ मध्ये विध्वंसक कीटक व कीड कायदा झाला, आणि आयातीचे आजचे नियम २००३ च्या आदेशाने चालतात. परदेशातून येणाऱ्या रोपाला निदान कागद दाखवावा लागतो. देशातल्या देशात मात्र ही तपासणी मोजक्या रोग-किडींपुरतीच आहे. आंध्रातून किंवा कर्नाटकातून निघालेला रोपांचा टेंपो रत्नागिरीच्या नाक्यावर थांबतो तो चहासाठी. त्यातल्या रोपाचं पान उलटून पाहणारा तिथे कुणी नसतो. ही उणीव कायद्यातली आहे आणि ती भरून काढण्याचं काम सरकारचं. पण ती भरेपर्यंत रोप विकत घेणाऱ्याचे दोन डोळे हाच नाका आहे. बंगल्यापुढे लावायला आणलेला शोभेचा पाम नारळाच्या रोपाइतकाच तपासून घ्यावा, कारण माशीला दोन्ही सारखेच.

येत्या मे महिन्यात पाडेली माडावर चढेल, तेव्हा त्याला खालची एक झावळी मुद्दाम तोडून टाकायला सांगावी. ती उलटी करून उजेडात धरावी. पातीवर गोल भोकांची काळी पिल्लं दिसली तर झावळी जाळू नये. त्या पातींचे तुकडे कापून शेजारच्या वाडीतल्या पांढऱ्या पडलेल्या माडाला बांधून यावेत, आणि पंप पडवीतच राहू द्यावा.